मर्व्ह नोस्केचं घड्याळ

सुखदा खांबेटेला राग येतो, हे ॲडलेडच्या मॉसन लेक्समधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीत कुणी रांग सोडून पहिल्या पंगतीला घुसलं, की बाकीचे ताटाकडे बघत गप्प बसतात आणि सुखदाची वाट बघतात. भांडायचं तिनं, आणि घरी जाताना गाडीत 'बाई जरा फटकळच आहे हं' म्हणायचं यांनी. असो. आजवर तिच्या रागाला लोक हसत आले, कारण तो पाच मिनिटांत उतरायचा. मागच्या मे महिन्यात जो आला तो अजून उतरलेला नाही. उतरावा की नाही, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

ही बाई दात बनवते. थट्टा नाही, खरंच. २००८ साली बायोटेक्नॉलॉजीत मास्टर्स करायला इथल्या युनिव्हर्सिटीत आली, यथावकाश पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, पण बायोटेकमधली नोकरी काही मिळाली नाही. वर्षभर सुपरमार्केटच्या चेकआउटला उभी राहिली, मग रडत न बसता डेंटल टेक्निशियनचा कोर्स केला. आता सॉल्झबरीच्या एका लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या आणि क्राउन घडवते. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात सुईएवढी हत्यारं. नवरा राघव आयटीत, मुलगी कौमुदी तेरा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. चारचौघांसारखं घर.

चारचौघांसारखं नाही ते एवढंच, की सुट्टीच्या दिवशी ही बाई डोक्याला टोपी आणि कानाला हेडफोन लावून मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ फिरते. नऊ वर्षांपूर्वी मंडळाच्या बीच पिकनिकला तिच्या कानातली कुडी वाळूत पडली. तीस माणसांनी तास-दीड तास वाळू उकरली आणि 'जाऊ दे, दान झालं समज' असा सल्ला देऊन सगळे भेळेकडे वळले. तेवढ्यात लांब दांड्याचं यंत्र घेतलेला एक म्हातारा आला, दहा मिनिटांत कुडी तिच्या तळहातावर ठेवली, 'नो वरीज, लव्ह' म्हणाला आणि चालू पडला. पुढच्याच आठवड्यात सुखदानं सेकंडहँड डिटेक्टर घेतला.

लोकांना आयतं कोलीत मिळालं. भेटला तो विचारतो, काय मग, आज सोनं की भंगार? ती खरं सांगते, भंगार. घोड्यांचे नाल, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, बंदुकीच्या पुंगळ्या, बाटल्यांची बुचं. पण त्या भंगारात नऊ वर्षांत तिला खिशातली पाच घड्याळं सापडली. साखळीचं, झाकणाचं, शंभर-सव्वाशे वर्षं जुनं घड्याळ मातीतून वर येतं तेव्हा ते घड्याळ कसलं, गंजाचा गोळा असतो. तो गोळा महिनोन् महिने तेलात बुडवून ठेवायचा, एकेक स्क्रू सैल करायचा, दातांच्या हत्यारांनी चक्रं खरवडायची, मोडलेला भाग जगाच्या दुसऱ्या टोकाहून मागवायचा. हे तिनं कुणाकडून शिकलं नाही. बिघडवत बिघडवत शिकली. पाचांतली चार घड्याळं काही जिवंत झाली नाहीत. आतून इतकी गेली होती की नुसती वरची डबी साफ करून तिनं टेबलाच्या खणात ठेवून दिली.

पाचवं मर्व्ह नोस्केचं.

कापुंडा गावाच्या पलीकडे मर्व्हची शेती. वय अठ्ठ्याऐंशी, बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. तिनं परवानगी मागितली तेव्हा त्यानं एकच अट घातली, की फाटक उघडलं तर लावायचं. तिची स्वतःचीही एक अट असते. नावाची किंवा खुणेची वस्तू मिळाली तर ती ज्याची त्याला परत, मग ती कितीही भारी का असेना. पडलेल्या गोठ्याच्या दगडांखाली यंत्र कण्हलं आणि तिथून तंबाखूचा पत्र्याचा डबा निघाला. डब्यात मेंढीच्या चरबीत भिजवलेलं फडकं, आणि फडक्यात चांदीचं घड्याळ. पाठीवर तीन अक्षरं कोरलेली होती. ती अक्षरं बघून मर्व्ह ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला.

ते त्याच्या बापाचं. १९४० साली बाप युद्धावर गेला तो परत आला नाही. जाताना घड्याळ कुठे ठेवलं ते आईलाही सांगून गेला नव्हता. मर्व्ह तेव्हा चार वर्षांचा. बापाचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. फोटो आहेत, पण फोटो काय, ते कुणाचेही असतात, असं तो म्हणाला. आठवते ती एकच गोष्ट. संध्याकाळी चुलीपाशी बसून बाप घड्याळाला चावी द्यायचा आणि मग ते याच्या कानाला लावायचा. तेवढी टिकटिक. बापाकडून त्याच्यापाशी उरलेलं तेवढंच.

"कॅन यू मेक इट गो?" त्यानं विचारलं.

सुखदा हो म्हणाली. म्हणजे शब्द दिला, आणि ही शब्द दिला की मोडणाऱ्यातली नाही.

चरबीमुळे घड्याळ बाकीच्या चारांसारखं सडलेलं नव्हतं, तरी चौदा महिने लागले. दर रविवारी संध्याकाळी सहाला मर्व्हचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "डझ इट गो?" "नॉट येट, मर्व्ह." "राइट." की फोन ठेवलेला. जेवणाच्या टेबलावर ही रोज सांगायची, आज मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवली, आज अमकं चक्र फिरलं. कौमुदी 'कूल' म्हणायची. राघव 'हं' म्हणायचा. एप्रिलच्या मध्यावर ते चाललं. सुखदानं ते दोघांच्याही कानाला लावून दाखवलं. राघव तेव्हाही 'हं' म्हणाला आणि वर 'मस्त' म्हणाला.

मर्व्हला मात्र तिनं सांगितलं नाही. घड्याळ चाललं म्हणजे झालं असं नसतं. पूर्ण चावी द्यायची आणि ते किती तास चालतं, तेवढ्या वेळात किती मागे पडतं, ते बघायचं. उताणं ठेवून, पालथं ठेवून, उभं ठेवून, पुन्हा पुन्हा. तोवर मर्व्हनं शेत विकलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो गॉलरच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होता. त्या दिवशी, घर सोडायच्या आधी, त्याच्याच स्वयंपाकघरात घड्याळ त्याच्या कानाला लावायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आणि आदल्या शनिवारी घड्याळ नाहीसं झालं.

सकाळी ती कौमुदीला घेऊन नेटबॉलला गेली तेव्हा ते तिच्या टेबलावर काचेच्या वाडग्याखाली होतं. रात्रीच चावी संपून थांबलेलं, दुपारी येऊन मोजमाप घ्यायचं म्हणून तसंच ठेवलेलं. दुपारी तीनला परत येऊन बघते तो वाडगा जागच्या जागी, खाली काही नाही. राघवला विचारलं. तो म्हणाला, मला काय माहीत, तूच कुठेतरी ठेवलं असशील.

मग या बाईनं काय केलं, ते सांगतो. टेबल ओढलं. गालिचा गुंडाळला. जमिनीवर पालथी पडून कपाटांखाली हात घातला. व्हॅक्युम क्लीनरची पिशवी अंगणात वर्तमानपत्रावर उपडी करून त्यातली धूळ चमच्यानं चाळली. कचऱ्याचा डबा पालथा घातला, कांद्याची सालं बाजूला केली. कौमुदीवर ओरडली, आणि पोरीनं तर टेबलाला हातही लावला नव्हता. तीन तास. आणि हे तीन तास राघव तिच्या शेजारी टॉर्च धरून उभा होता. 'तिकडे बघितलंस का? जरा फ्रिजमागे बघू या.' असं म्हणत उभा होता.

हे लक्षात ठेवा. टॉर्च धरून.

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिनं फोन उघडला. सासरच्या मंडळींचा एक ग्रुप आहे, ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे एकेचाळीस जण त्यात. तो तिनं म्यूट करून ठेवलेला असतो, आठवड्यातून एकदा उघडते. वर सासूबाईंनी एक फोटो टाकलेला. व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट. समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात पॅन्ट दुमडून उभा असलेला राघव, मागे सेमाफोर बीचवरच्या जेटीचा खांब आणि त्यावरची गंजकी शिडी, आणि त्याच्या पुढे केलेल्या तळहातावर मर्व्ह नोस्केच्या बापाचं घड्याळ. त्याला हळदकुंकू लावलेलं. वर जास्वंदीचं फूल आणि चार काळे उडीद. खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, 'घरातील दोष विधिपूर्वक विसर्जन केला. आता राघवचे सर्व मार्गी लागो.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच्या रांग. काकांचे हात, मावशीचे हात, दिराचे, जावेचे. सुखदानं सगळे हात खालपर्यंत बघितले.

झालं होतं असं. राघवचं कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबरात संपलं आणि सहा महिने दुसरं मिळेना. काळजी सगळ्यांनाच होती, सुखदालाही होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं पण तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. ठाण्यात सासूबाईंनी एका गुरुजींना पत्रिका दाखवली. गुरुजींनी विचारलं, घरात बंद घड्याळ आहे का? आता हे कुणालाही विचारा, कुठल्याही घरात सापडेल. बंद घड्याळ घरात ठेवू नये, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. सासूबाईंनी फोनवर राघवला विचारलं, आणि या शहाण्यानं सांगितलं, हो, आहे ना, मेलेल्या माणसाचं, मातीतून काढलेलं. मग काय, शनिवार ठरला, उडीद ठरले, समुद्र ठरला.

बरं, राघवचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे म्हणावं, तर तेही नाही. पार्टीत बियर हातात घेऊन गुरुजींची टिंगल करणाऱ्यांत हा पहिला.

सुखदानं फोन त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, आईला बरं वाटावं म्हणून केलं, ती रडत होती, तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. आणि मग म्हणाला, "तसंही ते बंदच होतं गं."

"बंद?"

"थांबलेलंच होतं. मी नीट बघून घेतलं."

चौदा महिने या माणसाच्या ताटात भाजी वाढता वाढता तिनं त्या घड्याळाचं चक्र न् चक्र सांगितलं होतं. त्याच्या कानाला लावून दाखवलं होतं. परवाच जेवताना म्हणाली होती, आता पूर्ण चावी दिली की किती तासांनी थांबतं ते मोजतेय. आणि हा 'हं' म्हणाला होता. मग तिनं उठून टेबलाचा खण ओढला आणि सबंध खण त्याच्यासमोर आणून आपटला. आत चार घड्याळं. चारही मेलेली, कायमची बंद, वर्षानुवर्षं या घरात पडून असलेली. बंद घड्याळांना हातही न लावता त्यानं घरातलं चालणारं एकच घड्याळ नेऊन समुद्रात बुडवलं होतं.

"काल तू टॉर्च धरून उभा होतास," ती म्हणाली.

त्यानं खण उचलून परत जागेवर लावला.

रडायला वेळ नव्हता. पोलाद खाऱ्या पाण्यात बसलं की दर तासाला खाल्लं जातं, आणि त्याला चोवीस तास होत आले होते. सुखदानं डिटेक्टर, जाळीचं फावडं आणि नळाच्या पाण्यानं भरलेली मोठी बरणी गाडीत टाकली आणि राघवला म्हणाली, बस. तो नवे बूट काढायला लागला, तर म्हणाली, बुटांसकट.

गाडी चालवता चालवताच तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि तिनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. ॲडलेडच्या समुद्राची एक खोड आहे. महिन्यातून दोनदा, अष्टमीच्या सुमाराला, भरती-ओहोटी जवळजवळ होतच नाही. पाणी दिवसभर आहे तिथेच राहतं. इथले लोक त्याला डॉज म्हणतात. एरवी ओहोटीला सेमाफोरची वाळू लांबवर उघडी पडते, दोन तासांत काम झालं असतं. आज नेमका डॉज. म्हणजे शोधायचं ते पाण्यात उतरून, मे महिन्याच्या थंडीत.

जेटीचा तो खांब आणि ती गंजकी शिडी फोटोमुळे लगेच सापडली. सासूबाईंच्या स्क्रीनशॉटचा तेवढा उपयोग. राघव म्हणाला, मी फेकलं नाही, हळूच सोडलं. कुठे? तर म्हणाला, इथे, नाहीतर तिथे. काल ओहोटीला जिथे घोट्याएवढं पाणी होतं तिथेच सुखदानं त्याला आज मांडीएवढ्या पाण्यात उभं केलं आणि सांगितलं, हलायचं नाही, तू खुणेचा दगड आहेस. त्याच्याभोवती ती गोल गोल चकरा मारायला लागली. खाऱ्या पाण्यात यंत्र पिसाळतं, काही नसताना ओरडतं. दर ओरडण्याला फावडं मारायचं, जाळी वर काढायची, बघायचं. गळाची शिसं निघाली, बुचं निघाली, एक चमचा निघाला. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, काय हरवलंय मेट? राघव म्हणाला, घड्याळ. तो माणूस म्हणाला, बॅड लक. सुखदा म्हणाली, लकचा काही संबंध नाही, यानं टाकलंय.

मधेच राघवच्या खिशातला फोन वाजला. ठाणे. त्यानं उचलू नये ना, पण आईचा फोन न उचलण्याची त्याच्यात हिंमत असती तर ही वेळच आली नसती. सासूबाईंना त्यानं सगळं सांगितलं आणि त्या घाबरल्या. म्हणाल्या, परत काढू नका रे, समुद्राला दिलेलं परत घेत नाहीत, दोष दुप्पट होतो, सुखदाला फोन दे. सुखदानं ओल्या हातानं फोन घेतला.

"आई," ती म्हणाली, "समुद्राला द्यायला ते तुमचं नव्हतं. राघवचं नव्हतं, आणि माझंसुद्धा नव्हतं."

आणि तिनं फोन राघवला परत दिला. सासूबाई वाईट नाहीत, हे सुखदा आजही म्हणते. जे केलं ते त्यांनी उघड केलं, एकेचाळीस जणांना सांगून केलं. चोरून केलं ते यानं.

साडेतीन तासांनी घड्याळ निघालं, राघवच्या खुणेपासून चांगलं सहा पावलं बाजूला. हळदकुंकू धुऊन गेलं होतं, झाकणाच्या फटीत वाळू. राघव म्हणाला, वा, सापडलं की, आणि चक्क हसला. सुखदानं घड्याळ बरणीतल्या गोड्या पाण्यात बुडवलं, कारण हवा लागली की गंज धावतो, आणि ती बरणी मांडीत धरून गाडीत शेजारच्या सीटवर बसली. संध्याकाळी सहाला फोन वाजला. "डझ इट गो?"

समुद्राचं काही तिनं मर्व्हला सांगितलं नाही. म्हणाली, शनिवारी येते मी.

पुढचे पाच दिवस लॅबमधून आली की ती टेबलाशी. सगळं सुटं केलं, धुतलं, वाळवलं, तेल दिलं. बाकी बरंच वाचलं. पण घड्याळाच्या काळजात एक कमान असते, केसाएवढी बारीक, तिच्या आकुंचन-प्रसरणावर सगळा खेळ. ती गंजून दोन ठिकाणी तुटली होती. ती घरी बनत नाही. इंग्लंडमधला एक म्हातारा विकतो, त्यानं कळवलं, सहा ते सात आठवडे लागतील. ही ऑर्डर देऊन बसली आणि चिडून चिडून रडली, आणि राघव चहा घेऊन आला तर त्याला म्हणाली, ठेव आणि जा.

शनिवारी सकाळी मर्व्हच्या स्वयंपाकघरात दोन सुटकेसा आणि एक खुर्ची एवढंच उरलं होतं. मर्व्ह इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेला. सुखदानं राघवला बरोबर नेलं होतं. तो गाडीतच थांबतो म्हणत होता, तिनं थांबू दिलं नाही. तिनं घड्याळ मर्व्हच्या हातात दिलं. झाकण लखलखत होतं. त्यानं ते कानाला लावलं. मान तिरकी करून, डोळे मिटून, बराच वेळ. मग कान बदलला. त्याला वाटलं आपलंच ऐकू येणं कमी झालंय. ऐकायच्या यंत्राचं बटण चाचपायला त्याचा हात कानामागे गेला, तेव्हा सुखदाला ते बघवेना.

ती राघवला मराठीत म्हणाली, "सांग त्यांना."

राघवनं तिच्याकडे बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग त्यानं सांगितलं. इंग्लिशमध्ये, अडखळत, शब्द शोधत. माझी नोकरी गेली. आमच्यात असं मानतात की बंद घड्याळ घरात असलं तर माणसाचं नशीब थांबतं. माझ्या आईनं सांगितलं. मी ते समुद्रात सोडलं. ते चालत होतं, मला माहीत नव्हतं. हिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. शेवटचं वाक्य तो कुणी न सांगता स्वतःहून बोलला, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

मर्व्हनं सगळं ऐकून घेतलं. घड्याळ मुठीत धरून तो त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग? लागली का नोकरी?"

"नो," राघव म्हणाला.

"नो," मर्व्ह म्हणाला. "वाटलंच मला."

एवढंच. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. घड्याळ सुखदाच्या हातात परत दिलं आणि चालायला लागलं की घेऊन ये म्हणाला. न्यायला आलेली गाडी दाराशी हॉर्न देत होती. सुटकेसा राघवनं उचलल्या.

त्यानंतरही रविवारी सहाला फोन यायचा, आता गॉलरहून. "डझ इट गो?" "नॉट येट, मर्व्ह." "राइट." पाच रविवार आला. सहाव्या रविवारी आला नाही. सोमवारी दुपारी लॅबमध्ये वेगळ्याच नंबरवरून फोन आला, वृद्धाश्रमातली एक नर्स बोलत होती. मर्व्हच्या वहीत जवळचं माणूस म्हणून दोनच नंबर होते, एक वकिलाचा, आणि एकापुढे नावाऐवजी 'वॉच लेडी' लिहिलेलं. मर्व्ह शनिवारी गेला, न्यूमोनियानं, फार त्रास न होता. सुखदानं थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, आणि हातातली कवळी पुरी केली. ती उद्या कुणाला तरी द्यायची होती.

त्याच गुरुवारी राघवला नोकरी लागली. चांगली, पर्मनंट. आणि ग्रुपवर सासूबाईंनी लिहिलं, 'विसर्जनाचे फळ मिळाले.' पुन्हा हातांची रांग. सुखदानं नऊ वर्षांत त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं. 'ज्यांचं घड्याळ होतं ते मर्व्ह नोस्के गेल्या शनिवारी वारले. त्यांना ते एकदा कानाला लावून ऐकायचं होतं. आपण सगळ्यांनी हात जोडले होते म्हणून कळवते.'

एकेचाळीस जणांनी वाचलं. कुणी काही टाकलं नाही. दोन दिवसांनी एका काकांनी आंब्याच्या पेटीचा फोटो टाकला.

इंग्लंडचं पाकीट पुढच्या आठवड्यात आलं. सुखदानं कमान बसवली. ज्याला ऐकायचं होतं तो गेल्यावर कशाला, असं कुणी विचारेल. पण तिनं शब्द दिला होता, आणि समोरचा मेला म्हणून शब्द फिटत नाही. रविवारी संध्याकाळी तिनं पूर्ण चावी दिली आणि ते चालायला लागलं. स्वच्छ, ठणठणीत. सहा वाजले, सव्वासहा झाले. फोनकडे बघत ती तशीच बसून राहिली.

राघव दारात येऊन उभा होता. अलीकडे तो तिच्या टेबलाजवळ हळूच येतो. त्यानं विचारलं, चाललं ना? मग म्हणाला, आईशी बोलणं झालं, ती म्हणते आता चालू झालंय तर घरात असायला काहीच हरकत नाही.

हरकत नाही. ऐकलंत?

सुखदा उठली. हॉलमध्ये देवघराशेजारी एक रिकामा खिळा होता, त्याला तिनं ते घड्याळ साखळीनं अडकवलं. राघव म्हणाला, छान दिसतंय, आणि चावी रोज कोण देणार, मी देत जाऊ का?

"कोणी द्यायची नाही," ती म्हणाली. "आणि काढायचंही नाही."

घड्याळ सोमवारी रात्रीपर्यंत चाललं. मंगळवारी सकाळी राघव नव्या ऑफिसला जायला निघाला तेव्हा ते थांबलेलं होतं. त्यानं बूट घालता घालता वर बघितलं, सुखदाकडे बघितलं, आणि घड्याळाला हात न लावता बाहेर पडला. ते अजून तिथेच आहे.